चतुराला शेपटी नसते

सातवी-आठवीच्या मुलांना 'मुक्या जीवांवर दया' असा विषय देऊन गोष्ट सांगणारी कविता लिहायला सांगितली, तर काय हाती येते हे बहुतेक मराठी शिक्षकांना ठाऊक असते. एक मुंगी पाण्यात पडते. एक मुलगा पान टाकून तिला वाचवतो. मुंगी घरी जाते, आईला सगळे सांगते, आई डोळे पुसते. शेवटच्या कडव्यात मुंगी मुलाचे भले चिंतते आणि त्याखाली तात्पर्य येते. शाळाशाळांतून जमा झालेल्या अशा कविता वाचण्याचे काम काही वेळा माझ्याकडे, म्हणजे कीटकांवर काम करणाऱ्या माणसाकडे आले. (किडे आहेत, म्हणजे याला कळेल, असे कोणाला तरी वाटले असावे.) वाचता वाचता मी एक खेळ करून पाहिला. मुंगीच्या जागी पाखरू घातले, पाखराच्या जागी मासा. कविता कुठेच अडली नाही. फार तर वृत्त थोडे कुरकुरले.

मुलांना लिहिता येत नाही असा याचा अर्थ नाही. दया म्हणजे काय हेही त्यांना कळते. पण कवितेतली मुंगी त्यांना माहीत नसते आणि ती माहीत करून घ्या असे कोणी सांगितलेले नसते. मग मुंगीच्या कातडीत एक छोटे माणूस शिरते आणि मूल त्या माणसावर दया करते. माणसावर दया करायला कोणाची हरकत नाही, पण विषय तो नव्हता.

आता खरी मुंगी घ्या. वारुळाबाहेर अन्न शोधत फिरणारी प्रत्येक कामकरी मुंगी मादी असते आणि त्या सगळ्या एकमेकींच्या बहिणी असतात. त्यांची आई म्हणजे राणी. हजारो मुलींपैकी आज कोणती परतली नाही, हे तिला कळण्याचा मार्ग नाही. तेव्हा आईने डोळे पुसणे बाद. पण दुसरे काही हाती लागते. कामकरी मुंगीच्या पोटात अन्नाचे दोन कप्पे असतात. मागचा तिचा स्वतःचा. पुढचा सगळ्या वारुळाचा. पुढच्या कप्प्यात भरून आणलेला पातळ रस ती घरी गेल्यावर बहिणींच्या तोंडात तोंड घालून वाटते. म्हणजे ओट्यावरच्या पाण्याच्या थेंबात अडकलेली मुंगी एकटी बुडत नाही. तिच्याबरोबर बहिणींचे जेवण बुडते. ही गोष्ट मुलाला सांगा आणि मग कविता लिहायला बसवा. मुंगीच्या जागी मासा घालून पाहण्याचा माझा खेळ तिथे चालणार नाही.

कल्पनेने लिहायचे आहे तर माहिती कशाला, असा प्रश्न शिक्षकांकडून येतो. माझा अनुभव असा, की ज्या मुलाला काही माहीत नसते त्याची कल्पना तीच ती राहते: घर, आई, शाळा, धन्यवाद. माहिती मिळाली की कल्पनेला उभे राहायला जागा मिळते.

आपल्याकडे या जातीच्या काव्याची परंपरा जुनी आहे. रामायणाचा आरंभच एका पाखराच्या मृत्यूने होतो. क्रौंचाच्या जोडीतला नर निषादाने मारला, ते पाहून वाल्मीकींच्या तोंडून श्लोक बाहेर पडला अशी कथा आहे. रघुनाथ पंडितांच्या 'दमयंती स्वयंवरा'त नळराजा हंसाला धरतो आणि हंस आपल्या म्हाताऱ्या आईचे आणि घरच्या बाळंतिणीचे गाऱ्हाणे सांगून सुटका मागतो. हे वाचताना जीवशास्त्राचा माणूस थबकतो, कारण हंस, कादंब या कुळात नर-मादी दोघे मिळून पिले सांभाळतात. म्हाताऱ्या आईचे सोडा, पण बाकी गाऱ्हाणे अगदीच हवेतले नाही. एक मात्र खरे: सुटलेला हंस पुढे नळाचा दूत होतो, उपकार फेडतो. दयेवर व्याज मिळालेच पाहिजे ही अपेक्षा आपल्या बालकवितेत इथूनच आली की आणखी कुठून, कोण जाणे. खरे प्राणी उपकार फेडत नाहीत. सोडलेला किडा निघून जातो. गोष्टीचा शेवट एवढाच असायला हरकत नसावी.

मराठीत या विषयावरची सगळ्यांत प्रसिद्ध कथाकविता म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) 'केवढे हे क्रौर्य!'. जखमी झालेली पक्षीण पडत-उठत घरट्याकडे येते आणि पिलांना शेवटचा घास भरवते, एवढाच प्रसंग. वृत्त पृथ्वी, मोरोपंतांच्या केकावलीचे, सतरा अक्षरांचे आणि चालायला अवघड. कवितेत पक्षीण माणसासारखी बोलते. तरीही ती लोकांच्या लक्षात राहिली, आणि त्याचे एक कारण मला तो घास वाटतो. पाखराच्या आयुष्यातली ती खरी गोष्ट आहे. आपली घरचिमणी घ्या. ती स्वतः दाणे खाते, पण पिलांना पहिल्या दिवसांत अळ्या-किडे लागतात, कारण वाढणाऱ्या अंगाला प्रथिने हवीत. त्यासाठी नर-मादी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत खेपा घालत असतात. त्यातले एक गेले तर खेपा निम्म्यावर येतात, आणि एकट्या उरलेल्या पाखराकडून सगळी पिले जगवणे कठीण होते. मोठ्या पाखराला मारणाऱ्याच्या हातून एकच जीव जातो असे नव्हे, हे टिळकांनी घासातून दाखवले. ते आपण खेपा मोजून दाखवू शकतो. वर्गातल्या एखाद्या मुलीने वळचणीखाली बसून तासाभराच्या खेपा मोजल्या, तर तिच्या कवितेत येणारा आकडा तिचा स्वतःचा असेल.

बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) सुगरणीच्या खोप्यावरच्या कवितेबद्दल दोन शब्द इथेच बोलतो, कारण हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्यांची गाणी १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली आणि तेव्हापासून महाराष्ट्राच्या मनात खोपा विणणारी ही आई आहे. प्रत्यक्षात खोपा नर विणतो. विणीच्या दिवसांत त्याचे डोके आणि छाती पिवळीजर्द होते. गवताच्या, भाताच्या किंवा शिंदीच्या पात्यांच्या चिरफळ्या काढून तो निम्मा खोपा विणतो, त्याला लटकून पंख फडफडवतो आणि माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत-बाहेर तपासणी करतात आणि पुष्कळदा नापास करून निघून जातात. एखादीने पसंत केला तर नर खोपा पुरा करतो, नळी काढतो. मादी आतले अस्तर बघते, अंडी उबवते आणि पिलांचे बहुतेक सगळे करते. नर तोवर दुसऱ्या खोप्याला लागलेला असतो.

म्हणून बहिणाबाईंची कविता चुकीची ठरवायची काय? मुळीच नाही. पिलासाठी कष्टणारी आई खोप्यात खरोखरच असते, विणकरी फक्त दुसऱ्याची. पण आज ज्या मुलाला हे कळले, त्याच्या हाती एक नवी गोष्ट आली. परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास होणारा आणि पुन्हा विणायला बसणारा नर ही आठवीतल्या मुलाला अगदी जवळची वाटेल अशी व्यक्ती आहे. आणि दयेचा प्रश्नही नेमका होतो. विहिरीवर लोंबणारा अर्धा खोपा 'टाकून दिलेला दिसतोय' म्हणून लोक दिवाणखान्यात टांगायला काढून नेतात. विणीच्या दिवसांत तो टाकून दिलेला असेलच असे नाही. कोणीतरी त्यात पसंतीची वाट पाहत असतो.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या प्राण्याकडे येतो. पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, कोल्हापूर परिसरात कुठल्याही मोकळ्या मैदानावर, माळावर, रंकाळ्याच्या काठाला चतुरांचे थवे उडताना दिसतात. मुले त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. आणि पिढ्यान् पिढ्या एक खेळ चालत आला आहे: चतुर पकडायचा, शेपटीला दोरा बांधायचा आणि पतंगासारखा उडवायचा. कोणी त्याच्या पायांनी बारीक खडे उचलून घेतो. या खेळात दुष्टपणा कमी आणि कुतूहल जास्त असते असे माझे मत आहे. दोरा बांधणाऱ्या मुलाची समजूत अशी असते, की गाईची शेपटी धरली तर गाईला फारसे काही होत नाही, तसेच हे.

पण चतुराला शेपटी नसते. जिला आपण शेपटी म्हणतो ते त्याचे पोट. कीटकाच्या शरीराचे तीन भाग असतात: डोके, वक्ष आणि उदर. पाय आणि पंख वक्षाला असतात, त्यामागे जे काही आहे ते सगळे उदर. चतुराचे उदर लांब काडीसारखे, दहा खंडांचे असते. त्याच्या पाठीकडच्या अंगाने नळीसारखे हृदय जाते. आतून अन्ननलिका जाते. आणि कीटक नाकाने श्वास घेत नाहीत. शरीराच्या दोन्ही बाजूंना श्वसनरंध्रे असतात, तिथून हवा बारीक नळ्यांच्या जाळ्यात शिरते. चतुराची बहुतेक रंध्रे उदरावरच असतात. उडताना दमलेला चतुर कुठे टेकला की नीट पाहा, काडीसारखे पोट भात्यासारखे हलकेच आत-बाहेर होताना दिसेल. तो धापा टाकतो आहे. दोऱ्याची गाठ या भात्यावर बसते.

ही एक गोष्ट वर्गात चित्र काढून सांगितली तर 'दया करा' हे वेगळे सांगावे लागत नाही असे मी पाहिले आहे. मुले आपापल्या पोटाला हात लावून पाहतात.

चतुराची पुढची हकीकत तर कल्पनेलाही मागे टाकेल अशी आहे. या थव्यांमध्ये पिवळसर-तांबूस अंगाचा, रुंद मागच्या पंखांचा एक चतुर मोठ्या संख्येने असतो. त्याचे शास्त्रीय नाव पँटाला फ्लेव्हेसेन्स, मराठीत त्याला भटका चतुर म्हणता येईल. पावसाने साचलेल्या डबक्यात त्याची मादी अंडी घालते, आणि डबके आटायच्या आत, साधारण दीड-दोन महिन्यांत, पिलू वाढून पंख फुटून बाहेर पडते. डबक्यात असताना ते डासांच्या अळ्या खाते, पंख फुटल्यावर उडणारे डास आणि चिलटे खाते. पण डबकी आटल्यावर यांचे काय होते? चार्ल्स अँडरसन हे जीवशास्त्रज्ञ मालदीव बेटांवर राहत होते. तिथे दर वर्षी ऑक्टोबरपासून लाखो चतुर येतात आणि काही दिवसांत नाहीसे होतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे टिपून ठेवले. मालदीवमध्ये जमिनीवर गोड्या पाण्याचे साठे जवळजवळ नाहीत, म्हणजे चतुर तिथले नव्हेत. २००९ साली त्यांनी आपला निष्कर्ष मांडला: हे चतुर भारताकडून निघतात, परतणाऱ्या मोसमी वाऱ्यांबरोबर उंचावरून हिंदी महासागर ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेत तिथल्या पावसाच्या वेळेला पोचतात. तिथे त्यांची पुढची पिढी वाढते, आणि मग त्यांचे वंशज पुढच्या वर्षीच्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर इकडे येतात. जाऊन-येऊन हा फेरा १४,००० ते १८,००० किलोमीटरचा, आणि तो पुरा व्हायला सुमारे चार पिढ्या लागतात. निघालेला कोणीच परत येत नाही. परत येतो तो त्याच्या पोरांचा किंवा नातवंडांचा पोर.

कळंब्याच्या माळावर दोऱ्याने बांधलेला चतुर आफ्रिकेला निघाला होता, अशी गोष्ट एखाद्या मुलाने स्वतःच्या मनाने रचली असती, तर आपण 'जरा पटेल असे लिही' म्हणून ती खोडली असती. त्या थव्यातला प्रत्येक चतुर जातोच असे नाही. पण यातला एखादा जाणारा असेल, एवढी शक्यता कथाकवितेला पुरेशी आहे. दोरा सुटतो, चतुर वर जातो, वारा लागतो. मुलगा घरी येऊन नकाशात आफ्रिका शोधतो. पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर अंगणात एक चतुर दिसतो. तो हा नव्हे, हे मुलाला माहीत आहे. इथे आभार मानायला कोणी येत नाही आणि आलेच तरी ओळखणार नाही.

आता एक काळजीची बाजू. चुकीच्या माहितीवर उभी राहिलेली दया पुष्कळदा जीव घेते, आणि आपल्या कविता या बाबतीत निर्दोष नाहीत. 'घरट्यातून पडलेले पिलू घरी आणले, दूध पाजले' हे कडवे मी कितीदा तरी वाचले आहे. पाखरे दूध पीत नाहीत, ते त्यांना पचतही नाही. शिवाय अंगावर पिसे फुटलेले, जमिनीवर टुणटुण उड्या मारणारे पिलू बहुधा पडलेले नसतेच. ते उडायला शिकत असते आणि आईबाप जवळच्या झाडावरून त्याच्याकडे लक्ष ठेवून असतात. मांजराची भीती असेल तर उचलून झुडपात ठेवावे आणि दूर व्हावे. 'माणसाचा हात लागला की चिमणीला बाकीच्या चिमण्या वाळीत टाकतात' ही आपल्याकडची घट्ट समजूत. पक्षिशास्त्रज्ञ घरट्यातली पिले हातात घेऊन त्यांच्या पायात नोंदीची कडी घालतात आणि परत ठेवतात. त्यानंतरही आईबाप त्यांना भरवतात. वाळीत टाकणे ही रीत माणसांची आहे, ती आपण चिमण्यांच्या नावावर खपवली. कढीपत्त्यावरच्या कोषातून फुलपाखरू बाहेर पडताना त्याला ओढून 'मदत' करणे हाही तसलाच प्रकार. बाहेर आलेले फुलपाखरू उलटे लटकते आणि अंगातला द्रव चुरगळलेल्या पंखांच्या शिरांत भरते. पंख पसरून कडक व्हायला तास-दोन तास लागतात. त्या वेळात ते हाताळले किंवा खाली पडले, तर पंख चुरगळलेलेच वाळतात आणि ते कधीच उडत नाही. दयाळू मुलाने इथे काय करायचे? बसून राहायचे. दोन तास काही न करता बसून राहणारा नायक ही कवितेला चांगली अडचण आहे, आणि हुशार मूल त्यातून वाट काढते.

लिहिण्याच्या तंत्राबद्दल थोडे सांगतो. मी कवी नाही, पण गोष्ट पद्यात सांगायची तर चाल सोपी हवी एवढे वाचकाच्या बाजूने सांगता येते. मुलांनी पृथ्वी किंवा शार्दूलविक्रीडिताच्या वाटेला जाऊ नये. पादाकुलक पुष्कळ बरे: ओळीत १६ मात्रा, आठ-आठचे दोन तुकडे, ऱ्हस्वाची एक मात्रा आणि दीर्घाची दोन. मोजणी गणितात शोभेल अशी आहे, त्यामुळे कवितेला घाबरणारी मुलेही हिच्यात रमतात. नमुन्यादाखल मीच जुळवलेल्या आठ ओळी देतो. विषय काजव्याचा. मेअखेर, वळवाचे पाऊस झाले की राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात झाडेच्या झाडे लुकलुकू लागतात. अलीकडे तिथे काजवा महोत्सवही भरतो आणि मुले बाटलीत काजवे भरून आणतात.

बाटलीत मज नकोस ठेवू,
दहाच रात्री उरल्या, भाऊ!
झुडुपाखाली बसली कोणी
लुकलुकण्याची वाट पाहुनी.
मी चमकावे, तिने बघावे,
थांबुन थोडे उत्तर द्यावे.
उजेड जातो काचेमधुनी,
मीच तेवढा बसतो अडुनी.

('उरल्या'मधला 'र' जोडाक्षरापूर्वी आला तरी त्याच्यावर आघात येत नाही, म्हणून एकच मात्रा मोजली. तुमच्या वर्गातले कोणी तरी हे विचारणारच.)

यातली एकही गोष्ट मी मनाने घातलेली नाही. काजव्याचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात, ओल्या पाचोळ्यात गोगलगाई खाण्यात जाते, त्याला कित्येक महिने लागतात. पंख फुटल्यावर मात्र जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात, तेव्हा दहा रात्री हा हिशेब उधळा नाही. उडणारा नर ठरावीक लयीत चमकतो. अनेक जातींत मादी खाली झुडपात बसून राहते आणि आपल्या जातीची खूण ओळखून, ठरावीक वेळ थांबून उत्तर देते. त्या थांबण्याच्या वेळेवरूनही नर तिला ओळखतो. ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य ल्युसिफरेज या वितंचकाच्या साहाय्याने ऑक्सिजनशी संयोग पावते तेव्हा हा थंड प्रकाश पडतो. बाटलीला भोके पाडली की मुलांना वाटते, झाले, आता काजव्याचे सगळे ठीक. हवा मिळते हे खरे. पण काजव्याला नुसती हवा नको असते. बॅटऱ्या आणि गाड्यांचे दिवे हीही दुसऱ्या प्रकारची बाटलीच, कारण त्या झगझगाटात हा संवाद दिसेनासा होतो.

काजवा बोलला ही एक सूट मी घेतली. ती मुलांनाही द्यावी. मुक्याला वाचा देणे हा तर कवितेचा हक्क. मात्र त्याने बोलावे ते आपल्या गरजेचे: ओल, अंधार, भूक, जोडीदार, पिले, वेळ. काजवा जर 'खोटे बोलू नका, अभ्यास करा' असे सांगू लागला तर समजावे, की आत कोणी दुसरेच बसले आहे. बहुधा आपणच, शिक्षक.

सगळ्यांत अवघड प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण तो कोल्हापूर जिल्ह्यातल्या निम्म्या वर्गांत बसलेला असतो. ऊसकऱ्याच्या मुलाने काय लिहायचे? हुमणी त्याच्या घरात रोजचा शब्द आहे. वळवाचे पाऊस झाले की हुमणीचे तपकिरी भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून वर येतात, कडुनिंबावर, बाभळीवर बसून पाला खातात, जोडीने फिरतात आणि पहाटेपूर्वी पुन्हा मातीत शिरतात. एकेक मादी पन्नास-साठ अंडी घालते. पावसाळ्यात अळ्या उसाच्या मुळ्या खातात, ऊस पिवळा पडून वाळतो, बेटेच्या बेटे हाताने उपटून येतात. म्हणून शेतकरी रात्री कंदील लावून फांद्या हलवतात, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकतात. विषारी औषधापेक्षा हा उपाय कितीतरी बरा, कृषिशास्त्रज्ञही तोच सुचवतात. बापाबरोबर रात्री फांद्या हलवून आलेल्या पोराला सकाळी शाळेत 'मुंगीलाही मारू नये' अशी कविता करायला सांगितली, तर ते दोनच गोष्टी करू शकते: गप्प बसणे किंवा खोटे लिहिणे. बहुतेक मुले दुसरे करतात आणि त्याला गुण मिळतात.

आपल्या जुन्या गोष्टी याहून प्रामाणिक होत्या. महाभारतात ससाण्याच्या भीतीने कबुतर शिबी राजाच्या आश्रयाला येते. राजा त्याला अभय देतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. ससाणा समोर बसतो आणि विचारतो, की हे माझे अन्न आहे, ते काढून घेऊन मला उपाशी मारण्यात कसला धर्म? राजाला त्याचे म्हणणे नाकारता येत नाही, म्हणून तर तो कबुतराच्या भारंभार स्वतःचे मांस द्यायला निघतो. एकाची सुटका म्हणजे दुसऱ्याची उपासमार असू शकते हे रचणाऱ्याला ठाऊक होते. आपल्या कवितांत कोळ्याच्या जाळ्यातून माशी सोडवणारी मुले पुष्कळ आहेत, पण त्या रात्री कोळ्याने काय खाल्ले हे कोणी विचारत नाही. काजव्याची अळी गोगलगाय खाते, हे वरच्या आठ ओळींत मीही घातले नाही. आठ ओळींत बसत नव्हते, ही सबब.

तेव्हा ऊसकऱ्याच्या मुलाला त्याचीच रात्र लिहू द्यावी. गरजेने मारणे आणि खेळ म्हणून छळणे यांत अंतर आहे. ते त्याला शहरातल्या मुलापेक्षा जास्त नीट कळते, कारण त्याने दोन्ही पाहिलेले असते: भुंगेऱ्यांची बादली आणि भुंगेऱ्याच्या पायाला बांधलेला दोरा. त्याच्यासाठी एक कथानक सुचवून थांबतो. निंबाखाली कंदील ठेवला आहे. बाप फांदी हलवतो, भुंगेरे टपटप पडतात, मुलगा वेचून बादलीत टाकतो. उजेडावर आणखीही किडे आलेले असतात. एक हाताला वेगळा लागतो: काळाभोर, डोके फावड्यासारखे चपटे, पुढच्या पायांना करवतीचे दाते. हा हुमणीचा नव्हे, शेणकिडा. शेण मातीत पुरणे हे याचे काम, उसाच्या मुळीशी याचे देणेघेणे नाही. अंधारात दोघे सारखेच दिसतात. मुलगा तो कंदिलाजवळ धरतो, उलटा करून पाय बघतो. बाप म्हणतो, टाक की, काय बघतोस. मुलगा काही बोलत नाही, मूठ सैल धरतो आणि गोठ्यामागच्या उकिरड्याकडे चालू लागतो. मुठीत तो किडा दातेरी पायांनी बोटांच्या फटी उकरत असतो.